नव्या धंद्याचें पान व त्याचे वाचक

हल्लीं कोणताही नवा धंदा निघाला, मग तो मोटारदुरुस्तीचा असो, खानावळीचा असो कीं पापड-कुरडयांचा असो, त्याचें एक पान फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर उघडण्याची चाल पडली आहे. पान उघडण्यास पैसा पडत नाहीं व अर्ध्या तासाहून अधिक वेळही लागत नाहीं. नांव घालावें, चित्र लावावें, फोनचा नंबर द्यावा, कीं दुकानाची पाटी साऱ्या जगासमोर टांगली गेली. परंतु पाटी टांगली म्हणून ती वाचण्यास कोणी उभें राहतेंच असें नाहीं. महाड-पोलादपूर भागांतील असलीं पानें चाळून पाहावींत. कित्येकांवर आरंभींचीं दोनचार चित्रें, एक गणेशचतुर्थीची शुभेच्छा, आणि त्यापुढें दोन वर्षांची शांतता, एवढेंच आढळतें. अशा पानाला वाचक कसे मिळतात आणि मिळालेले कसे टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

या वाचकांना त्या माध्यमांच्या भाषेंत फॉलोअर म्हणतात. त्याचें 'अनुयायी' असें भाषांतर कित्येक ठिकाणीं आमच्या वाचनांत आलें. तें आम्हांस रुचत नाहीं. अनुयायी संतांना असतात. पापडवाल्याला गिऱ्हाइक असतें. यूट्यूबवर याच माणसाला सब्स्क्रायबर, म्हणजे वर्गणीदार, म्हणतात, आणि तो शब्द अधिक बरा. मात्र ही वर्गणी पैशाची नसून लक्षाची आहे. तो मनुष्य आपल्या दिवसांतील अर्धें मिनिट आपणांस देण्याचें कबूल करतो. त्या अर्ध्या मिनिटाचा मोबदला त्यास काय मिळतो, हें जो धंदेवाला स्वतःस विचारीत नाहीं, त्याचें पान ओसाड पडतें.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमच्या तालुक्याची स्थिति पाहिली म्हणजे त्याचें उत्तर मिळतें. डोंगराळ जमीन, मुसळधार पाऊस, भाताचें एक पीक आणि वरकस जमिनींत थोडी नाचणी-वरी, यांवर घर चालत नाहीं. म्हणून मुलगा दहावी-बारावी होतांच मुंबईची वाट धरतो. पोलादपूर हें दोन रस्त्यांच्या सांध्यावरील गांव आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून कशेडीकडे जातो आणि आंबेनळी घाटाचा रस्ता येथूनच महाबळेश्वराकडे चढतो. पूर्वीं प्रवासी भुकेला किंवा घाटानें थकलेला असे, म्हणून थांबे. आतां रस्ता रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला, आणि मोटार गांवाचें नांव वाचण्याच्या आंत पुढें निघून जाते. त्या मोटारींतील माणसानें पोलादपुरास थांबावें अशी इच्छा असेल, तर त्यानें घर सोडण्यापूर्वींच आपलें नांव त्याच्या कानीं गेलें पाहिजे. हें साधलें, तर दोन भावांपैकीं एकाला गांवांत राहण्याजोगें काम मिळूं शकेल. पानाच्या वाचकांचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो यासाठीं.

असलाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं एका मराठी कारखान्यापुढें होता, आणि त्यानें तो कसा सोडविला हें पाहण्यासारखें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनीं १८८८ मध्यें बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें व पुढें ते लोखंडी नांगर करूं लागले. नांगर उत्तम होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंड लागलें म्हणजे जमीन विषारी होऊन नासते, अशी समजूत लोकांत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. नांगर चांगला आहे असें कारखानदारानें म्हणून भागत नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत तो चालतांना दिसला आणि त्या शेतांत पीक आलें, म्हणजे बोलणें संपतें. पुढें १९१० मध्यें औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या साहाय्यानें कुंडलजवळच्या माळावर कारखाना गेला व तेथें किर्लोस्करवाडी वसली.

त्या आडरानांतील वाडीहून १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' या नांवाचें एक छोटेंसें मासिक निघूं लागलें. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर. ते चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातींचें काम त्यांच्याकडे होतें. हें मासिक मूळ धंद्याचें पत्रक. आजच्या भाषेंत बोलायचें तर तें किर्लोस्करांच्या धंद्याचें पानच होतें. परंतु शंकररावांनीं त्यांत नांगराची स्तुति भरून ठेविली नाहीं. नांगर घेणाऱ्याला, त्याच्या बायकोला, त्याच्या शाळेंत जाणाऱ्या मुलाला काय वाचावेंसें वाटेल, याकडे त्यांचें लक्ष होतें. धंदा कसा करावा, यंत्र कसें चालतें, जुन्या रूढींतील कोणत्या टाकाव्या, अशा विषयांना जागा मिळाली. चित्रें आलीं, गोष्टी आल्या. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध पुढें याच मासिकांतून प्रसिद्ध झाले. कालांतरानें 'खबर' हा शब्द गळून 'किर्लोस्कर' एवढेंच नांव राहिलें, आणि १९३० मध्यें 'स्त्री' व १९३४ मध्यें 'मनोहर' हीं धाकटीं भावंडें जन्मास आलीं. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी नांगर धरला नव्हता, अशा घरांतही किर्लोस्कर हें नांव ओळखीचें झालें.

या इतिहासांतून आमच्या पापडवाल्यानें तीन गोष्टी उचलाव्यात असें आम्हांस वाटतें. मासिक ठराविक वेळीं येत असे; वाचकाला त्याची वाट पाहण्याची संवय लागली. त्यांत मालापेक्षां माणसांविषयीं अधिक लिहिलेलें असे. आणि वाचक जमल्यावर माल चांगला करूं, असा तो क्रम नव्हता. नांगर आधीं सिद्ध झाला होता, मासिक मागून आलें. शंकररावांना छापखाना, कागद आणि टपाल लागत होतें. आमच्या बचतगटाच्या ताईंच्या हातांतील फोनमध्यें हीं तिन्ही साधनें आहेत. उणीव असलीच तर ती दर आठवड्यास लिहिण्याच्या चिकाटीची आहे.

आतां पहिले वाचक कोठून आणावे? येथें आमच्या तालुक्याला एक लाभ आहे, जो बाहेरच्या व्यापाऱ्याला पैसे मोजूनही मिळणार नाहीं. आमच्या गांवांतील अर्धें मनुष्यबळ मुंबईस आहे. गिरण्यांच्या काळीं लालबाग-परळच्या चाळींतून गांवकीच्या खोल्या असत. एका खोलींत वीस-वीस गडी पाळीपाळीनें निजत. गिरण्या गेल्या, माणसें विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर अशीं दूर पांगलीं, पण गांवचें मंडळ मोडलें नाहीं. तें आतां व्हॉट्सॲपवर भरतें. एकेका वाडीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, क्रिकेटच्या संघाचा ग्रुप, माहेरवाशिणींचा ग्रुप. नाचणीचा पापड हा शब्द ऐकतांच ज्यांच्या तोंडास पाणी सुटतें, अशीं शेंकडों माणसें तेथें आधींच एकत्र बसलेलीं आहेत. तीं अनोळखी नाहींत आणि त्यांना पोलादपूर कोठें आहे हें सांगावें लागत नाहीं. जगभर पसरण्याचें स्वप्न पाहणाऱ्यानें आधीं या दोनशें माणसांकडे जावें.

त्यांच्याकडे जाण्याची रीत मात्र चुकूं नये. 'कृपया आमचें पान लाइक करा' हा निरोप शंभर जणांना एकदम धाडला, कीं शंभर जण तो न वाचतां पुढें सरकतात. त्याऐवजीं एकेकास नांवानिशीं लिहावें: 'आत्या, यंदा आईच्या गटानें नाचणीचे पापड केले आहेत. वाळवण घातलेलें चित्र पाठवतो. तुला हवे असतील तर शनिवारीं धाकटा मुंबईस येतो आहे, त्याच्याकडे देतो. आणि आमचें नवें पान आहे, तें एकदां बघून सांग, नीट दिसतें का.' आत्या पान उघडते, दोन ओळी लिहिते, आणि आपल्या चाळींतल्या शेजारणीला दाखवते. दिवसाला असे दहा निरोप लिहिले तर वीस दिवसांत दोनशें होतात. काम कंटाळवाणें आहे, म्हणूनच फार थोडे लोक तें करतात.

मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात टाकण्याबद्दल थोडें सांगणें जरूर आहे. हे ग्रुप गांवची चावडी आहेत. कोणाच्या घरीं कोण गेलें, कोणाला रक्त हवें, पालखी कोणत्या दिवशीं कोणत्या वाडींत, ह्या वार्ता तेथें येतात. सकाळीं एखाद्याच्या निधनाचें वृत्त आलें असतां दुपारीं त्याखालींच 'शंभर रुपयांत दोन पाकिटें' असें टाकणारा मनुष्य एक गिऱ्हाइक मिळवतो आणि दहा माणसें गमावतो. ग्रुपवर महिन्यांतून एकदां, तेंही चालकांस विचारून. रोजचें जें काय असेल तें आपल्या पानावर आणि आपल्या स्टेटसवर. खेड्यांतील बायामाणसें स्टेटस किती आवडीनें पाहतात हें ज्यास ठाऊक आहे, तो त्याला कमी लेखणार नाहीं.

पानावर लिहावें काय, हा प्रश्न आम्हांस नेहमीं विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या अंगणांतच त्याचें उत्तर वाळत असतें. नाचणीची उकड शिजतांना तिचा रंग कसा पालटतो. पहाटे चार बायका बसून पापड लाटतात तेव्हां काय बोलणें चालतें. मे महिन्याच्या उन्हांत खाटेवर वाळवण आणि त्यावर राखणीला बसलेली नात. आभाळ भरून येतांच सगळ्यांची उडालेली धांदल. मुंबईंतील माणसाला हें पाहून जें वाटतें तें पाकिटाच्या शंभर चित्रांनीं वाटणार नाहीं. भाषाही आपल्या घरचीच असावी. नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनीं वयाच्या सत्तरीच्या सुमारास नातवाच्या मदतीनें 'आपली आजी' हें यूट्यूबचें स्थान सुरू केलें. त्यांचे वर्गणीदार लाखांनीं मोजावे लागतात. आजींनीं त्यासाठीं पुस्तकी मराठी शिकण्याचा खटाटोप केला नाहीं. त्या आपल्या गांवच्या बोलींत कारल्याची भाजी करून दाखवतात. दक्षिण कोंकणांत 'कोकणी रानमाणूस' या नांवानें चालणारें स्थानही असेंच: तेथील रान, तेथील घरें, तेथील जेवण दाखवून लोकांना त्या मातींत राहावयास बोलावणारें.

आणि किंमत लिहावी. चित्राखालीं कोणी 'किती रुपये?' असें विचारलें, कीं 'इनबॉक्समध्यें या' असें उत्तर देण्याची जी नवी रीत पडली आहे, ती आम्हांस मुळींच समजत नाहीं. महाडच्या बाजारांत एखाद्या दुकानदारानें गुळाचा भाव विचारणाऱ्यास कानांत सांगतों म्हणून मागल्या खोलींत नेलें, तर गिऱ्हाइक पळून जाईल. वजन किती, नग किती, भाव काय, पोचवण्याचा खर्च कोणावर, आणि अन्न-परवान्याचा नोंदणीक्रमांक काय, हें सर्व उघड लिहिलें म्हणजे वाचकाचा निम्मा संशय फिटतो.

वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवरून न आंखतां आपल्या माणसाच्या येण्याजाण्यावरून आंखावें. चाकरमानी शिमग्याला पालखीसाठीं येतो, मे महिन्यांत मुलांना घेऊन येतो, आणि गणपतीला तर कर्ज काढूनही येतो. या तीन वेळांच्या तीन-चार आठवडे आधीं पान जागें असलें पाहिजे. आषाढांत, भातलावणीच्या दिवसांत, विकण्यास माल नसला तरी पानानें गप्प बसूं नये; लावणीचें एक चित्र, भरून वाहणाऱ्या सावित्रीचें एक चित्र, एवढेंही पुरतें. आठवड्यास दोनदां, पण वर्षभर. पहिल्या पंधरवड्यांत रोज चार आणि मग कांहींच नाहीं, असें करणाऱ्यास वाचक विसरतो आणि यंत्रही विसरतें.

यंत्र विसरतें म्हणजे काय, हें समजून घेणें जरूर आहे. कारण सर्वांत मोठी फसवणूक याच ठिकाणीं होते. आपण पानावर कांहीं टाकलें म्हणजे तें आपल्या सर्व वाचकांस दिसतें, अशी सामान्य समजूत आहे. तसें होत नाहीं. यंत्र तें प्रथम थोड्या लोकांपुढें धरून पाहतें. ते थांबले, त्यांनीं शेवटपर्यंत पाहिलें, दोन शब्द लिहिले, दुसऱ्याला धाडलें, तर तें आणखी लोकांस दाखविलें जातें; ते न थांबतां पुढें गेले तर तें तेथेंच मरतें. आतां गणित करूं. समजा, एका पानाचे ३०० वाचक आहेत, सर्व खरे, आणि त्यांपैकीं तिघांत एक जण थांबून पाहणारा आहे. यंत्रानें १०० जणांस दाखविलें तर ३३ थांबतील. दुसऱ्या पानाच्या मालकानें कोठूनसे ४,७०० वाचक पैसे देऊन विकत घेतले. आतां त्याची संख्या ५,००० झाली, पण त्यांत खरे ३०० च, म्हणजे शेंकडा ६. यंत्रानें त्यांतील १०० जणांस दाखविलें तर खरे सहा, आणि थांबणारे दोन. यंत्र काय ठरवील? हा मजकूर टाकाऊ आहे, असें ठरवील, आणि उरलेल्या खऱ्या वाचकांनाही तो दाखवणार नाहीं. म्हणजे या गृहस्थानें पैसे देऊन आपल्याच दुकानासमोर भिंत बांधून घेतली.

फुकट बक्षिसाचें आमिष दाखवून जमविलेले वाचक खोटे नसतात, पण ते बक्षिसाचे असतात, पापडाचे नसतात. सोडत झाली कीं त्यांचें लक्षही उडतें. पैसे देऊन जाहिरात दाखविण्याची सोय आहे, आणि ती आम्ही सर्वस्वी त्याज्य म्हणत नाहीं. मात्र कोणतें चित्र लोकांना फुकट पाहतांना आवडलें हें कळल्यावर, त्याच चित्रावर, लहान रक्कम लावावी, आणि त्या रकमेंतून किती पाकिटें खपलीं याचा हिशेब लिहावा. कर्जाऊ पैशानें जाहिरात करूं नये.

संख्येच्या मोहांत सर्वांत आधीं बळी जातें तें सत्य. आंबे कर्नाटकाचे, पेटीवर नांव देवगडचें, असा व्यवहार कोंकणांत चालतो हें कोणापासून लपलेलें नाहीं. २०१८ मध्यें हापूसला जें भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत रत्नागिरी व सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हेही आहेत. आपल्या परसांतील आंब्याला दुसऱ्या गांवचें नांव लावण्याचें रायगडकरास कारणच नाहीं. पापडाच्याच धंद्यांतील एक जुनें उदाहरण येथें द्यावेंसें वाटतें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यांतूनच 'लिज्जत' ही संस्था झाली. आरंभीं त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उंची व एक हलका. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनीं हलका माल बंद करून एकाच उत्तम प्रतीचा करण्यास सांगितलें. तेव्हां फोन नव्हता, पान नव्हतें. एका घरांतून दुसऱ्या घरांत जाणारी शिफारस होती. आजच्या पानावरून जी धांवते तीही शिफारसच. माल हलका निघाला तर तीच वार्ता त्याच वेगानें उलटी धांवते.

ज्यांचा धंदा पाहुण्यांना राहण्याजेवण्याची सोय करण्याचा आहे, त्यांना एक निराळें सांगणें आहे. रायगड, शिवथरघळ, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ, यांमुळें आमच्या भागांत पाहुणे येतात, आणि पावसाळ्यांत धबधब्यांसाठीं तर झुंडीनें येतात. धबधब्याच्या कड्यावर उभें राहून काढलेलें रील सर्वांत अधिक पाहिलें जातें, हें खरें. १६ जुलै २०२४ रोजीं शेजारच्या माणगांव तालुक्यांत कुंभे धबधब्यापाशीं मुंबईची एक तरुणी, जिच्या प्रवासचित्रांना लाखों वाचक होते, चित्रण करीत असतां दरींत पडून मृत्यु पावली. ज्या जागीं आपण स्वतःच्या मुलाला जाऊं देणार नाहीं, ती जागा आपल्या पानावर दाखवूं नये. दाखवायचीच तर निसरडी वाट कोठें आहे, पाणी कोणत्या वेळीं चढतें, उतरूं नये तें कोठें, हें त्याच चित्रांत सांगावें. असें सांगणारा यजमान पाहुण्याला अधिक भरंवशाचा वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

वाचक वाढले, ऑर्डरी येऊं लागल्या, म्हणजे नवी अडचण उभी राहते. गटांत बायका दहा, ऊन मिळणार मृगाच्या पावसापर्यंत, आणि मागणी मात्र पांचशें पाकिटांची. अशा वेळीं बाजारांतून दुसऱ्याचे पापड आणून आपलें लेबल लावण्याची बुद्धि होते. त्यापेक्षां 'यंदाचा माल संपला; पुढील वर्षासाठीं नांव नोंदवा' असें लिहावें. नांव नोंदविणारा मनुष्य विकत घेणाऱ्याइतकाच मोलाचा. टपालानें धाडलेल्या पापडांचा चुरा झाला अशी तक्रार कोणी पानावर उघड लिहिली तर ती पुसूं नये. तिच्याखालींच उत्तर द्यावें, दुसरें पाकीट जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांतून धाडावें, आणि तेंही लिहावें. बाकीचे वाचक तक्रारीपेक्षां उत्तर अधिक लक्षपूर्वक वाचतात.

शेवटीं, हें पान ज्या जमिनीवर उभें आहे ती आपली नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲप बंद केलीं. त्या दिवसापर्यंत खेड्यापाड्यांतील कित्येक तरुणांनीं तेथें हजारों-लाखों वाचक जमविले होते. ते एका रात्रींत गेले. फेसबुकनें जानेवारी २०१८ मध्यें जाहीर केलें कीं, यापुढें धंद्यांच्या पानांपेक्षां आप्तमित्रांचा मजकूर लोकांना आधीं दाखविला जाईल. त्यानें कोणाचा अपराध नसतां असंख्य पानांचे पाहणारे घटले. वर सांगितलेल्या आजींचें स्थान ऑक्टोबर २०२० मध्यें चोरांनीं बळकावलें होतें. तें कांहीं दिवसांनीं परत मिळालें. पानाला दुहेरी कुलूप, म्हणजे परवलीचा शब्द आणि फोनवर येणारा आंकडा अशीं दोन्ही, लावावें, आणि तो आंकडा कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगूं नये.

त्याबरोबर एक साधी वही ठेवावी. तिच्या दोन प्रती असाव्यात, एक गांवांत आणि एक मुंबईच्या घरीं. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली होती हें आपण पाहिलें आहे, आणि वीज व फोन बंद पडल्यावर पानाचा उपयोग किती होतो हेंही पाहिलें आहे. वहींत घेणाऱ्याचें नांव, मूळ गांव, मुंबईंतील ठिकाण, फोनचा नंबर, काय नेलें, केव्हां नेलें, आणि खाऊन काय म्हणाले, हें लिहावें. गणपतीला आलेला प्रत्येक पाहुणा दारांतून परत जाण्यापूर्वीं त्याची ओळ वहींत पडली पाहिजे. मग शिमग्याच्या तीन आठवडे आधीं त्या वहींतील पहिल्या नांवापासून निरोप लिहिण्यास बसावें. आणि ज्या काकूंनीं गेल्या खेपेस पापडखार जास्त झाल्याचें सांगितलें होतें, त्यांना यंदा तो किती कमी केला, हें सर्वांत आधीं कळवावें.